माधुरीला मोर्चा, गव्याला सुतळी बॉम्ब

सरीवरंबा | १२ जानेवारी, रात्री १०:४०

आमचं गाव भोगावतीच्या खोऱ्यात. नोकरीमुळं मी कोल्हापुरात असतो, शनिवार-रविवार गावाकडं. गेल्या पंधरवड्यात आमच्या उसाच्या खोडव्यात तीनदा गवा येऊन गेला. एकटाच आहे, मोठा नर. तिसऱ्या वेळी मी तिथंच होतो, म्हणून हा धागा.

रात्री दीडच्या सुमाराला तात्यांनी (माझे थोरले चुलते) हाक मारली. बांधावर उभं राहिलो तर आधी काहीच दिसेना, नुसता आवाज. माणूस ऊस मोडतो तेव्हा कडाड करून एक कांडं मोडतं. इथं चार-पाच ऊस एकदम आडवे होत होते, आणि मधनंच लोहाराच्या भात्यासारखा श्वास. तात्यांनी बॅटरी मारली. पाच-सहा सऱ्या आत दोन हिरवट डोळे. तोंडातनं वाडं लोंबत होतं. त्यानं बॅटरीकडं बघितलं, पण चावायचं काही थांबवलं नाही. उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं. गुडघ्याखाली चारी पाय पांढरे. तात्या हळूच म्हणाले, "मोजे घालून आलाय बघ पाव्हणा." मग त्यांनी सुतळी बॉम्ब पेटवून फेकला. तो वळला, जराही घाई न करता, आणि ओढ्याकडं उतरला.

सकाळी बघितलं तर दहा-बारा गुंठे आडवं. ओल्या सरीत खुराचे ठसे पडले होते, त्यात पाणी साठलेलं. एका ठशात माझी मूठ सहज मावली.

पंचनाम्याला माणूस चौथ्या दिवशी आला. तोवर तात्यांनी आडवा ऊस उचलून जनावरांना घातला होता. मोबाईलवर फोटो होते, पण "गव्यानंच खाल्लाय कशावरनं?" असा प्रश्न आला. ते जाऊ दे, तो वेगळा धागा होईल.

त्या दिवशी तात्या चहा पिताना म्हणाले, "गोळ्या घालायची परवानगी द्या म्हणावं, बाकी काय नको." घरात कुणी काही बोललं नाही. मी मात्र त्यांच्या पायाकडं बघत बसलो. हाच माणूस गेल्या ऑगस्टमध्ये मठातल्या माधुरी हत्तिणीला परत आणा म्हणत नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर चालला होता. वय चौसष्ट. पायाला फोड आले होते, आठवडाभर हळद लावून बसले. माधुरीला जामनगरला रिलायन्सच्या 'वनतारा'त नेलं तेव्हा टीव्हीसमोर "आमची पोर नेली" म्हणून डोळे पुसले होते. माधुरीला त्यांनी आयुष्यात फार तर तीनदा बघितलं असेल.

मला तात्यांना ढोंगी म्हणायचं नाही. दोन्ही वेळी ते मनापासूनच बोलत होते. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एखाद्या जनावराचं काय करायचं ते ठरतं आपण त्याला काय म्हणून हाक मारतो त्यावरनं. डोकी मोजणं, नुकसान मोजणं नंतर येतं, आणि तेही बहुतेकदा आधीच ठरलेल्या गोष्टीला टेकू म्हणून. माधुरीला नाव होतं. गव्याला पेपरात काय असतं? तो 'शिरतो', 'धुमाकूळ घालतो', 'दहशत माजवतो'. तोच गवा दाजीपूरच्या अभयारण्यात गेलं की 'बायसन' होतो (खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात, हा नव्हेच), आणि आपण जीपचे पैसे भरून तो दिसला नाही म्हणून तोंड पाडून परत येतो. फोंडा घाटाच्या रस्त्यावर दिसला तर व्हिडिओ, उसात दिसला तर सुतळी.

धोरण, कायदा, भरपाई हे सगळं शेवटी याच भावनांवर उभं राहतं का? तुमच्याकडचे अनुभव लिहा. राजकीय चिखलफेक नको, एवढीच विनंती.

तांबडा_पांढरा | १२ जानेवारी, रात्री १०:५८

भरपाई मिळाली का ते सांग आधी. तत्त्वज्ञान नंतर.

सरीवरंबा | १२ जानेवारी, रात्री ११:०४

@तांबडा_पांढरा, अर्ज केलाय. तुला कळवतो, तोवर पुढचा खोडवा येईल.

शिरोळी_पट्टा | १२ जानेवारी, रात्री ११:३१

धागा चांगला आहे, पण माधुरीचं उदाहरण इतक्या हलक्या हातानं घेऊ नका. मी नांदणीच्या शेजारच्या गावचा. ती १९९२ पासून मठात होती, तेहतीस वर्षं. आमच्या पिढीनं तिला बघत बघत शाळा संपवली. लोकांना राग कशाचा आला? हत्तीण गेली त्याचा आलाच. पण त्याहून जास्त, आम्हाला कुणी विचारलंच नाही याचा. १६ जुलैला हायकोर्टाचा निकाल, २८ ला सुप्रीम कोर्टात अपील फेटाळलं, आणि त्याच रात्री गाडीत घालून नेली. गावात भाऊबंदकीत बांध सरकवायचा झाला तरी चार माणसं बसवतात. दोन लाखांवर सह्या झाल्या, जिओची सिमकार्डं पोर्ट झाली, ते हत्तीच्या मायेपोटी जेवढं होतं तेवढंच आपल्याला कुणी हिशोबात धरलं नाही या रागापोटी होतं.

तुमचे तात्या पंचेचाळीस किलोमीटर चालले ते यासाठीही असेल. विचारून बघा.

गुरांचा_डॉक्टर | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

मी मोठ्या जनावरांचा डॉक्टर, हत्तीचा नव्हे. तरी एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. प्रेम आहे म्हणून जनावर बरं आहे असं नसतं. आमच्याकडं शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल येतो, मालक त्याच्या तोंडावरनं हात फिरवत असतो, आणि खूर उचलून बघितला तर आत पू. मालकाचं प्रेम खोटं नसतं. त्यानं फक्त खूर उचलून बघितलेला नसतो.

हत्तीचं सगळं वजन पायावर. कठीण फरशीवर वर्षानुवर्षं उभं राहिलं की तळवे आणि नखं सडतात, सांधे धरतात. शिवाय मादी हत्ती कळपात जगणारी, तिला आयुष्यभर एकटं ठेवणं हीच एक शिक्षा. कोर्टापुढं आलं ते हे. माणसाचा धार्मिक वापराचा हक्क आणि हत्तीचा नीट जगण्याचा हक्क समोरासमोर आले, तेव्हा हायकोर्टानं हत्तीचा धरला. पटो न पटो, यात लोकांच्या भावनेच्या उलट जाऊन निर्णय झालाय. म्हणजे सरीवरंबा यांचं 'सगळं भावनेवर चालतं' हे इथं लागू होत नाही.

शिरोळी_पट्टा | १३ जानेवारी, सकाळी ८:०२

@गुरांचा_डॉक्टर, पण निकालानंतर काय झालं तेही सांगा की. मोर्चा निघाला ३ ऑगस्टला, आणि आठवडा संपायच्या आत मुंबईत बैठका, पुनर्विचार याचिकेची भाषा, नांदणीतच हत्तींसाठी केंद्र उभारायचा प्रस्ताव. भावना कोर्टात हरली आणि मंत्रालयात जिंकली. खुराचं मात्र पटलं.

कलम_आणि_पोटकलम | १३ जानेवारी, सकाळी ११:२०

सरीवरंबा, तुमच्या तात्यांना कायद्यातली एक गंमत सांगा. (गंमत त्यांना वाटणार नाही.)

१९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ११. पहिल्या अनुसूचीतलं (सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतलं) जनावर मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण ते माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असेल, किंवा बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच. त्यातही आधी पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं जमणार नाही याची खात्री करायची. दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराला मात्र मालमत्तेचं नुकसान हेही कारण चालतं, आणि कंसात स्पष्ट लिहिलंय, उभं पीकसुद्धा. गवा पहिल्या अनुसूचीत, रानडुक्कर दुसऱ्या. थोडक्यात, तोच ऊस डुकरानं खाल्ला तर कायद्याला ते मारण्याचं कारण वाटू शकतं, गव्यानं खाल्ला तर नाही. उसाला काय फरक पडतो?

आणि नावाचं म्हणाल तर कायद्यातच एक नाव होतं. जुनी पाचवी अनुसूची म्हणजे 'उपद्रवी'. त्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूची गेली, सहाच्या चार झाल्या. पण कलम ६२ राहिलंच. केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतल्या एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळापुरता 'उपद्रवी' जाहीर करू शकतं. मग त्याला संरक्षण नाही. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड असं झालं. हिमाचलात गंमत बघा. सरकारनं परवानगी दिली, बक्षीस दिलं, पण हनुमानाच्या वंशाला हात कोण लावणार? लोकांनी फारशी माकडं मारलीच नाहीत. कागदावर उपद्रवी, मनात देव.

हत्ती तर याहून न्यारा. पहिल्या अनुसूचीतला असून मालकीचं प्रमाणपत्र घेऊन घरी बाळगता येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं 'धार्मिक किंवा इतर कारणासाठी' त्याची ने-आण करायची वाटही ठेवली. वाघाला अशी सोय नाही. का? कारण देवळाच्या दारात वाघ उभा राहत नाही.

भटकी_खारूताई | १३ जानेवारी, दुपारी १:४७

नीलगाईवरनं आठवलं. ती गाय नाहीच, गाईच्याच कुळातलं एक कुरंग (अँटिलोप). पण नावात गाय आहे म्हणून हिंदीपट्ट्यात तिला मारणं अवघड, आणि विदर्भात तिलाच 'रोही' म्हणतात तिथं शेतकऱ्याच्या तोंडी शिव्याच. सरीवरंबाच्या 'हाक मारण्या'च्या मुद्द्याला एक मार्क.

(पोरगी असून 'मी बघितलो, मी आलो' म्हणणारी अस्सल कोल्हापुरी आहे, त्यामुळं पुढचं वाचताना गोंधळू नका.)

मी काही वर्षं बिबट्यावरच्या कामात मदतनीस म्हणून हिंडलो. तिथं शिकलो ते असं. बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी असते, "पिंजरा लावा." दिसला म्हणजे नुसता दिसला, कुणाला काही केलेलं नसलं तरी. पिंजरा लागतो, त्यात कुठला तरी बिबट्या सापडतो, फोटो निघतात, गाव शांत. पण तो तोच बिबट्या असतो का? आणि त्याला सोडायचं कुठं? जुन्नर भागात २००१ च्या आसपास असे उसातले बिबटे पकडून दुसरीकडं जंगलात सोडायचा धडाका लावला होता. झालं उलटंच, माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी हे काटेकोरपणे मांडलं. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरं येऊन भरतं. पुढं नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात त्यांच्या गटानं कॅमेरे लावून बघितलं तर जंगल नसलेल्या, भर वस्तीच्या शेतमुलखात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले. लोक त्यांच्यासोबत राहतच होते, माहीत नव्हतं इतकंच. २०११ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात पकडून दुसरीकडं सोडणं टाळा, गर्दी आवरा, असंच आहे.

पण सूचना एकीकडं आणि सरपंच एकीकडं. मी एका रेंजरसाहेबांना (नाव, जिल्हा सांगत नाही) विचारलो, "सर, इथं पिंजरा कशाला? काहीच झालेलं नाही." ते म्हणाले, "बाई, हा पिंजरा बिबट्यासाठी नाही, गावासाठी आहे. उद्या काही झालं तर लावला होता म्हणता येईल." आत शेळी बांधली होती. रात्रभर ओरडत होती बिचारी. बिबट्या आला नाही. तीन दिवसांनी मालकानं शेळी परत नेली, तिची कास सुकली होती.

धोरण कसं ठरतं म्हणाल तर मला तरी ती शेळी आठवते.

रंकाळ्याचा_वारा | १३ जानेवारी, दुपारी ३:३०

गर्दीवरनं. २०१५ च्या पहिल्याच दिवशी आमच्या रुईकर कॉलनीत बिबट्या आला होता, ते कोण विसरेल. पकडला आणि मेला. आणि गेल्या नोव्हेंबरात नागाळा पार्कात. माझं ऑफिस जवळच. पोलीस ओरडायला लागलेत "आत जावा, आत जावा", आणि लोक गच्चीवर, झाडावर, एक जण तर लहान पोराला खांद्यावर घेऊन कंपाउंडवर. मी मात्र शहाण्यासारखा आत बसलो... खोटं कशाला बोलू, खिडकीतनं व्हिडिओ करत होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्धे जण म्हणाले बिचारा, अर्धे म्हणाले ठोकायला पाहिजे होता. आणि दोन्हीकडच्यांनी एकच व्हिडिओ फॉरवर्ड केला होता. माझा.

भटकी_खारूताई | १३ जानेवारी, दुपारी ३:५२

@रंकाळ्याचा_वारा, पुण्यात २०२० च्या डिसेंबरात कोथरूडला गवा शिरला होता, आठवतंय? लोक मागं पळाले, तो पळून पळून दमला, भिंतींवर धडकून रक्तबंबाळ झाला, पकडला आणि मेला. पुणेकरांना इतकी लाज वाटली की बास. दोनच आठवड्यांत बावधनकडं दुसरा गवा आला, तेव्हा रस्ते अडवले, माणसं लांब ठेवली, त्याला त्याच्या वाटेनं रानात जाऊ दिला. वनखात्याची माणसं तीच, जाळी तीच, औषध तेच. लाजेनं जे केलं ते परिपत्रकानं झालं नव्हतं.

निवृत्त_मास्तर | १३ जानेवारी, सायंकाळी ६:१०

तरुण मंडळींची चर्चा वाचून बरे वाटले. थोडा इतिहास.

ज्या दाजीपूरच्या रानातून तो गवा आपल्या उसात येतो, ते रान शिल्लक का राहिले याचा विचार करावा. संस्थानकाळी ते शिकारीसाठी राखलेले होते. राजर्षी शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी. कोल्हापूर दरबारची चित्त्यांची शिकार देशभर प्रसिद्ध होती. चित्ते पाळायचे, गाडीतून माळावर न्यायचे, डोळ्यांवरची पट्टी काढून काळविटावर सोडायचे. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरने ते आफ्रिकेतून मागवले. आता २०२२ साली मध्य प्रदेशातल्या कुनोत आफ्रिकेतून चित्ते आले तेव्हा सर्वांना नवल वाटले, आमच्या आजोबांना वाटले नसते.

म्हणजे त्या काळी गव्याकडे बघण्याची दृष्टी होती 'राजाची शिकार'. इतरांनी हात लावायचा नाही. १९५८ साली तेच रान दाजीपूरचे गवा अभयारण्य झाले. १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य, सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेले. रान तेच, गवाही तोच. पण आधी तो राजाचा होता, मग सरकारचा झाला, आता जगाचा झाला आहे. शेतकऱ्याचा तो कधीच नव्हता. नुकसान मात्र पहिल्यापासून त्याचेच. माझे वडील सांगत, दरबारच्या काळात डुकराला हाकलायलाही भीती वाटे, कारण ते महाराजांचे डुक्कर.

सरीवरंबा, तुमचे तात्या "परवानगी द्या" म्हणतात. हा 'द्या' जुना आहे.

तांबडा_पांढरा | १३ जानेवारी, सायंकाळी ६:२५

मास्तर, शेवटच्या ओळीला सलाम. नाद खुळा.

डेन्व्हरचा_पाव्हणा | १३ जानेवारी, रात्री ८:०५

मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, सध्या कोलोरॅडोत. इथं तर लांडग्यांवर चक्क मतदान झालं. २०२० च्या नोव्हेंबरात, अध्यक्षाच्या निवडणुकीच्याच मतपत्रिकेवर प्रश्न होता, राज्यात लांडगे परत आणावेत का? जेमतेम ५१ टक्के 'हो'. ती मतं कुठली? बहुतेक डेन्व्हर-बोल्डरच्या शहरी पट्ट्यातली. आणि लांडगे सोडायचे कुठं, तर डोंगरापलीकडं पश्चिमेला, जिथं गुरं राखणाऱ्यांनी मोठ्या संख्येनं 'नाही' म्हटलं होतं. २०२३ च्या डिसेंबरात ओरेगॉनहून पहिले पाच आणून सोडले, पुढच्या वसंतात वासरं मारल्याच्या बातम्या सुरू.

माझ्या ऑफिसातली बाई अभिमानानं सांगत होती की तिनं लांडग्यांना मत दिलं. मी विचारलं, तू कधी लांडगा बघितलास का? म्हणाली, नाही, पण तो तिथं कुठंतरी आहे एवढ्यानंच बरं वाटतं. मला एकदम आमच्या पेठेतली मंडळी आठवली. दाजीपूरला गवा असावा, आणि तिकडंच असावा.

सोलापुरी_चादर | १३ जानेवारी, रात्री ९:४०

आमच्या माळढोकाचं ऐका. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगरचे तालुकेच्या तालुके त्यात. शेतं, गावं, सगळं आत. जमीन विकायची तर अडचण, विहीर काढायची तर अडचण. माळढोक बिचारा किडे आणि टोळ खाणारा, त्यानं कुणाच्या पिकाचं काही वाकडं केलं नाही. तरी नाव काढलं की म्हातारी माणसं थुंकायची. पुढं क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत आणलं, तोवर पक्षीच संपत आला होता. तुमचा गवा ऊस खातो म्हणून नकोसा. आमचा पक्षी सातबारावर बसला म्हणून नकोसा झाला.

आजऱ्याची_सून | १४ जानेवारी, दुपारी २:१५

संक्रांतीचं वाण लुटून आत्ता बसलोय, म्हणून उशीर. तिळगूळ घ्या सगळी.

नावाचं चाललंय म्हणून आमच्याकडचं सांगतो. आमच्यात टस्कर येतो. कर्नाटकातनं दांडेलीकडनं हत्ती यायला लागलेत त्याला वीसेक वर्षं झाली, चंदगड, आजरा, तिकडं दोडामार्ग. पहिल्यांदा आमच्या परड्यात आला तेव्हा केळीची बाग अर्धी झोपवली, मेसकाठीचं बेट उपटलं, पाण्याची टाकी सोंडेनं पाडली. सकाळी सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं आता रडतील. त्या आत गेल्या, करंडा घेऊन आल्या, आणि चिखलात उमटलेल्या पायाला हळदकुंकू वाहिलं. तो पाय केवढा, परातीएवढा. म्हणाल्या, गणपती येऊन गेला.

पुढच्या वर्षी परत आला. काजूची झाडं मोडली, भाताची उडवी विस्कटली. सासूबाईंनी करंडा आणला, पण काही बोलल्या नाहीत. कुंकू वाहिलं आणि आत गेल्या.

तिसऱ्यांदा आला तेव्हा नवरा राखणीच्या माळ्यावर होता. हत्ती खालनं गेला. माळ्याचा खांब हलला म्हणे. सकाळी पाय उमटलेला तसाच होता दुपारपर्यंत. मी सासूबाईंना विचारलो, आत्ती, करंडा आणू काय? म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

म्हणून सांगतो सरीवरंबाभाऊ, नाव असतंय तोवर असतंय. आमच्या हत्तीला तर साक्षात देवाचं नाव होतं.

सरीवरंबा | १४ जानेवारी, दुपारी ३:०८

@आजऱ्याची_सून, ताई, तिळगूळ पोचला. तुमच्या "ऱ्हाऊ दे"नं माझा सिद्धांत निम्मा पाडला, आणि पाडला ते बरं झालं. नाव एकदा-दोनदा सांभाळून घेतं, पण खर्च सारखा एकाच घरावर पडत राहिला तर देवाचं नावसुद्धा झिजतं, असं धरून चालतो. आणि शिरोळकर म्हणाले तो धागा मास्तरांच्या 'द्या'शी जुळतो. तात्यांना नांदणीत कुणी विचारलं नव्हतं, आणि उसातही कुणी विचारत नाही. माणूस मेला तर सरकार पंचवीस लाख देतं, ते योग्यच. पण रोज रात्री जागणाऱ्याच्या झोपेचा रकाना कुठल्या अर्जात नाही.

एक शंका उरलीच. गेल्या नोव्हेंबरात ताडोबातनं वाघीण पकडून चांदोलीत सोडली. सह्याद्रीत असे आठ वाघ आणायचे आहेत. त्या मोहिमेचंच नाव 'ऑपरेशन तारा', आणि वाघिणीचं नाव तारा. आधीपासून फिरणाऱ्या नरांना सेनापती, सुभेदार, बाजी. नावाला किंमत नसती तर वनखात्यानं एवढी हौस कशाला केली असती? या मातीत ताराबाईंच्या नावाच्या वाघिणीला नको म्हणायची कुणाची छाती आहे?

कलम_आणि_पोटकलम | १४ जानेवारी, दुपारी ३:३०

तिनं पहिली म्हैस मारेपर्यंत थांबा.

गुरांचा_डॉक्टर | १४ जानेवारी, दुपारी ४:१२

म्हैस मारली तर पंचनामा त्याच दिवशी व्हावा, पैसे पंधरवड्यात यावेत. नाव तारा ठेवा नाहीतर धोंडाबाई. बाकी कशानंही मला फारसा फरक पडलेला दिसला नाही. सुतळी बॉम्बही बंद करा, जखमी झालेला गवा शांत गव्याहून दहा पटीनं वाईट. झटक्याचं सौरकुंपण बघा, चार शेतकऱ्यांनी मिळून केलं तर परवडतं. एकट्यानं केलं तर गवा शेजाऱ्याकडं जातो आणि भांडण माणसांत लागतं.

रंकाळ्याचा_वारा | १४ जानेवारी, रात्री ९:२०

सरीवरंबा, मग तुमच्या गव्याला पण नाव ठेवून टाका. पेपरात 'गव्याचा धुमाकूळ'च्या ऐवजी 'संभाजीराव उसात' असं आलं की बघा.

सरीवरंबा | १७ जानेवारी, रात्री ११:५२

उशिरा लिहितोय. कुंपणाचं शेजारच्या तिघांशी बोललो. दोघं तयार, तिसऱ्याचा आणि तात्यांचा बांधावरनं दावा चालू आहे, त्यामुळं तिथं एक फट राहणार असं दिसतंय.

आत्ता तात्यांचा फोन आला होता. ते माळ्यावर आहेत. मी विचारलं, "आला काय?" म्हणाले, "दोघं आलेत आज. एक नवीन हाय, आणि दुसरा आपला मोडका." मी म्हटलं, "आपला?" तर म्हणाले, "अरे ते शिंग मोडलेलं नव्हं का. त्ये बरं हाय, कडंकडंनं खातंय. नवीन लई मस्तीला आलंय, मधीच लोळालंय."

मग जरा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. आणि फोन ठेवताना म्हणाले, शनिवारी येताना सुतळी बॉम्बची दोन पाकिटं आण, इथली संपलीत.